लिंबूटिंबूचा कोट

नॉटिंगहॅम,
सोमवार सकाळ (चांगला उजेड पडल्यावर)

ती. अनुराधा आत्या हिला,

नकुलचा शिरसाष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत साष्टांग घालण्याइतकी जमीन शिल्लक नाही, म्हणून कॉटवरच पालथं पडून घातला आहे. पोचला असं धरतो.) तुझा गुडघा कसा आहे? ईलिंगच्या थंडीत तो जास्त बोलतो असं तू म्हणालीस, पण माझं निरीक्षण वेगळं आहे. तुझा गुडघा थंडीत दुखत नाही, नॉटिंगहॅमचं नाव काढलं की दुखतो. मी इथे शिकायला आल्यापासून तुला किती वेळा बोलावलं! एकदा गुडघा, एकदा ट्रेनचा संप, एकदा शेजारणीच्या मांजराला कोण बघणार. बरं, मांजराचं समजू शकतो, पण त्याच महिन्यात तू लेस्टरला लग्नाला आलीस, दोन ताटं श्रीखंड खाल्लंस आणि तिथून अर्ध्या तासावर असलेल्या भाच्याला फोनवर आशीर्वाद दिलास. बाबा म्हणतात, ताईने पहिली नोकरी तिथेच केली, नर्स म्हणून आली ती थेट नॉटिंगहॅमलाच, पण त्याबद्दल ती कधी बोलत नाही. खरंच आहे. तुझ्या गोष्टीत विमान हीथ्रोला उतरतं आणि तू एकदम ईलिंगमध्ये पोळ्या लाटत असतेस. मध्ये नॉटिंगहॅमच्या वाट्याला एकच वाक्य येतं, की तिथल्यांची जीभ 'अनुराधा' म्हणायला वळेना म्हणून अख्खा वॉर्ड तुला 'अनू' म्हणायचा. माझ्या आठवणीत घरात तुला कोणी अनू म्हटलेलं नाही. असो. गुडघ्याला तेल लाव आणि हे पत्र बसून वाच.

पत्र का, असं विचारशील. फोनवर सांगायला गेलो की तू मध्येच 'जेवलास का?' विचारतेस आणि माझा धागा तुटतो. शिवाय हा विषय असा आहे की आईला सांगितला तर ती तिकीट काढून मला परत बोलावेल आणि बाबांना सांगितला तर ते हसतील. राहिलीस तू. तू वॉर्डातल्या रात्रपाळ्या केलेली बाई, तुला कशाचं काही वाटत नाही. मीही भित्रा नाही हे तुला माहीत आहेच. (गणपतीतल्या त्या पालीच्या प्रकरणात मी टेबलावर चढलो होतो ते मखर नीट दिसावं म्हणून.)

तर माझ्या कोर्सचा एक भाग म्हणून मला इंटर्नशिप करायची होती. वर्गातली मुलं मोठमोठ्या फुटबॉल क्लबांत गेली. मला मिळाला 'संडे मूव्हर्स' नावाचा कार्यक्रम, म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या आणि आसपासच्या सगळ्या मुलांना रविवारी दुपारी एका जुन्या हॉलमध्ये जमवून खेळवायचं. माझी वरिष्ठ मीनल. ती इथेच जन्मली, कौन्सिलमध्ये नोकरी करते आणि रविवारी हे समाजकार्य करते. तिचं मराठी आजीकडून आलेलं आहे आणि घाई या देशाची. माझ्या अर्जात 'शाळेत खो-खोचा कप्तान' असं वाचून तिने मला तिथल्या तिथे निवडलं. (कप्तान मी दोन सामने होतो, खरा कप्तान कांजिण्यांनी आडवा असताना. ते अर्जात मावलं नाही.)

या देशात खो-खो खेळवणं म्हणजे काय दिव्य असतं ते ऐक. आधी मीनलने मला धोके शोधायला बसवलं. धावताना पडणं, खांबाला आपटणं, बुटाची नाडी. खांबांना आम्ही गाद्या गुंडाळल्या. मग ती खो पाशी आली आणि थबकली. "नकुल, लेट मी गेट धिस राइट. एक मूल बसलंय, त्याला दिसत नाही, आणि कोणीतरी मागून येऊन त्याच्या पाठीला हात लावणार? सेफगार्डिंगवाले मला फाडून खातील." (सेफगार्डिंग म्हणजे मुलांच्या सुरक्षेचे इथले कडक नियम.) मी म्हटलं, अगं, तोच तर खेळ आहे. पाठीवर थाप पडली की मागे न बघता उठायचं आणि धावायचं, आणि देणाऱ्याने आपल्या जागी बसायचं. पण ती ऐकेना. शेवटी तडजोड झाली. पोहायला शिकताना पोरं धरतात ना, त्या स्पंजच्या लांब नळ्या, त्या तिने अर्ध्या कापून आणल्या. आमची मुलं त्या नळीने खो देतात. गावाकडचे माझे सर हे बघतील तर शिट्टी गिळतील. पण नियम म्हणजे नियम, हात लावायचा नाही. हे नीट लक्षात ठेव, कारण पुढे कामाला येणार आहे.

आता माझी चूक. पहिल्याच रविवारी खेळ रंगात आला होता. रांगेत एकाआड एक मुलं उलटसुलट तोंड करून बसलेली, मी शिट्टी तोंडात धरून ऐटीत फिरतोय, आणि रांगेच्या टोकाला, खांबाच्या अलीकडे, मला एक लहानगी बसलेली दिसली. पाठमोरी. केस कानाच्या खाली सरळ कापलेले, अंगात काहीतरी फिकट. सहा-एक वर्षांची असेल. मला वाटलं, कुणाची तरी धाकटी बहीण असणार, ताईच्या मागे मागे आली आणि बसली. आता आत्या, इथला कोणीही शहाणा माणूस अशा वेळी खेळ थांबवतो, नाव विचारतो, आईचा नंबर विचारतो, ॲलर्जी विचारतो. मी काय केलं असेन? आपल्या गल्लीत काय करतात तेच केलं. मोठ्याने ओरडलो, "ती लिंबूटिंबू! खेळू द्या तिला!" आणि खेळ चालू.

नंतर मीनलने विचारलं की लिंबूटिंबू म्हणजे काय. मी समजावलं, लहान असतं, त्याला खेळायचं असतं, नाही म्हणायचं जिवावर येतं, म्हणून घ्यायचं, पण धरायचं नाही. ते सगळीकडे पळतं, त्याला कोणी बाद करत नाही. "सो शी कॅन नेव्हर बी आउट? एव्हर?" मीनल इतकी खूश झाली की हे सगळं तिने मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये सांगितलं. फक्त त्या दिवशी जाता जाता म्हणाली, पण कोणाबद्दल बोलतोयस तू? आज कुणाचं धाकटं भावंड आलेलंच नव्हतं.

मी ते मनावर घेतलं नाही. पुढच्या रविवारपासून मात्र मनावर घ्यावं लागलं. पाणी प्यायच्या सुट्टीत आम्ही दोघं मुलं मोजतो. मीनलचा आकडा नेहमी बरोबर येतो आणि माझा एकने जास्त. ती म्हणाली, तू थकलायस. मी चष्म्याचा नंबर तपासून आलो. (वाढलेला नाही. तेवढ्यासाठी दुकानदाराने मला तीन महागड्या फ्रेम दाखवल्या.) मग मुलांच्या तक्रारी सुरू झाल्या. अर्जुन नावाचा एक दांडगट मुलगा आहे, कशाला भीक घालत नाही. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, समवन गेव्ह मी खो विथ द हँड. नॉट अलाउड ना?" कोणी दिला विचारलं तर म्हणाला, माहीत नाही, मागे बघायचं नाही असं तुम्हीच सांगितलंय. आणि मग शर्ट पाठीपासून सोडवत म्हणाला, "इट वॉज फ्रीझिंग." त्यानंतर दर रविवारी कोणाला तरी हाताचा खो मिळायचाच. मी सगळ्यांचे हात तपासले. सगळे हात पळून पळून गरम, चिकट आणि चॉकलेटचे.

मी तिला पकडायचं ठरवलं. पकडायचं म्हणजे फक्त चेहरा बघायचा. ती टोकाला बसलेली, माझ्याकडे पाठ. बरोबर आहे, रांगेत निम्म्यांची पाठच दिसते. मी शिट्टी न वाजवता, नाडी बांधायच्या मिषाने, खांबाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलो. आत्या, तिकडूनही तिची पाठच होती. मी पुन्हा वळसा घातला. पाठ. बाकीची मुलं ओरडत, हसत, पळत होती, आणि मी खांबाभोवती प्रदक्षिणा घालत होतो. मीनलला वाटलं मी वॉर्म-अप करतोय. त्या रात्रीपासून मी दिवा लावून झोपतो, पण ते वाचनासाठी.

तिच्याशी बोलणारी एकच मुलगी आहे, मायरा. सात वर्षांची, पुढचे दात पडलेले, मला दर रविवारी अर्धं जॅम सँडविच आणून देते. तिला या प्रकाराचं काहीच वाटत नाही. ती टोकाशी जाऊन बसते आणि शेजारच्या रिकाम्या जागेशी गप्पा मारते, इतक्या सहज की मीच लाजून दुसरीकडे बघतो. मी विचारलं, काय गं बोलता तुम्ही दोघी? तर म्हणाली, "नथिंग. तिला माझा कोट आवडतो."

कोटांचं तर सांगायचंच राहिलं. हॉलच्या दाराजवळ भिंतीवर खुंट्या आहेत, अगदी खाली, माझ्या कंबरेच्याही खाली. मुलं तिथे कोट अडकवतात. चार वाजता बाहेर अंधार झालेला असतो, पालक येतात, आणि दर वेळी गोंधळ. सगळ्या छोट्या कोटांच्या बाह्या उलट्या झालेल्या, बटणं चुकीच्या काजात लावलेली, आणि आतून कॉलरपाशी ओलसर गारवा. मोठ्या मुलांच्या कोटांना कोणी हात लावत नाही. फक्त सहा-सात वर्षांच्या अंगाला बसतील असे कोट. कोणीतरी एकेक घालून बघत होतं आणि आपला नाही म्हणून परत लावत होतं. पालकांना वाटलं मी कोटांची नीट काळजी घेत नाही. मी माफी मागितली. काय सांगणार होतो?

शेवटी मी मीनलला विचारलं, या खुंट्या इतक्या खाली का? ती बॉल पंपाने फुगवत होती. सहज म्हणाली, ही जागा पूर्वी लहान मुलांची होती, म्हणजे आजारी मुलांची. मोठ्या इस्पितळात बरी झाली की घरी जाण्याआधी काही आठवडे इथे ठेवायचे. हा हॉल म्हणजे त्यांची खेळायची खोली. "इट वॉज अ हॅपी प्लेस, नकुल. इथून सगळी घरीच जायची." मग बॉल दाबून बघत म्हणाली, "वेल. ऑलमोस्ट सगळी."

आणि आता ही इमारत पाडणार आहेत. फ्लॅट होणार. आमचा कार्यक्रम नव्या वर्षापासून लेझर सेंटरच्या (म्हणजे इथल्या क्रीडासंकुलाच्या) चकचकीत हॉलमध्ये जाणार, आणि येता रविवार हा इथला शेवटचा. त्या दिवशी खेळ संपला की किल्ल्या परत द्यायच्या. सगळे आनंदात आहेत. मीच एकटा झोपत नाही, कारण मीनलचा या सगळ्या नियमांमधला सर्वांत मोठा नियम मला पाठ आहे. शेवटच्या मुलाला त्याच्या ओळखीचं माणूस न्यायला येईपर्यंत हॉलला कुलूप लागत नाही. मग पाऊस असो, उशीर असो, काहीही असो. मूल आत ठेवून कुलूप लावायचं नाही.

मी विचार केला, ही अडकली आहे ती माझ्यामुळे. मी येण्याआधी ती काय करत होती मला माहीत नाही, पण मी तिला खेळात घेतलं, आणि तेही लिंबूटिंबू म्हणून. लिंबूटिंबू कधी बाद होत नाही. बाद होत नाही म्हणजे तिचा खेळ संपतच नाही, आणि खेळ संपल्याशिवाय कोण घरी जातं? म्हणून काल मी रांगेसमोर उभा राहिलो आणि जाहीर केलं, आजपासून कोणी लिंबूटिंबू नाही, सगळे पक्के भिडू. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मीनलने माझ्याकडे पाहिलं, कारण लिंबूटिंबू ही आता तिची आवडती पॉलिसी होती. मी शिट्टी वाजवली.

असा खेळ मी पाहिला नव्हता, आत्या. मला ती दिसत नव्हती, पण कुठून जातेय ते कळत होतं, कारण मुलं तिला वाट देत होती, न ठरवता. आणि आवाज येत होता, अनवाणी पावलांचा, थप थप थप, बुटांच्या किरकिरीच्या मधून. ती छान खेळत होती. खांबाला हुलकावणी देऊन अशी वळली असेल की माझ्या तोंडून 'शाब्बास' निघालं. (सवय.) मग मायरा धावत आली, नळी टाकून दिली, हात पुढे केला आणि थांबली. मायराने आपली बोटं बघितली आणि तिचा चेहरा रडवेला झाला. "ती आउट झाली, दादा. आता तिला घरी जायचंय. पण तिला कोटच नाहीये."

त्यानंतर मोजणी केली. पहिल्यांदा माझा आकडा मीनलच्या आकड्याशी जुळला. मला हायसं वाटायला हवं होतं. पण दाराजवळ खुंट्यांखाली एक लांब बाक आहे, न्यायला येणाऱ्यांची वाट बघत मुलं तिथे बसतात. चार वाजले, एकेक पालक आले, कोट चढवले गेले (सगळे सुलटे होते, एकाही कोटाला कोणी हात लावला नव्हता), आणि शेवटचं मूल गेल्यावरही त्या बाकाचं एक टोक रिकामं वाटेना. तिकडे बघितलं की बाक दिसायचा. नजर काढली की कोणीतरी पाय हलवत बसलेलं असायचं. मीनल बाहेर गाडी सुरू करून हॉर्न देत होती. मी किल्ली हातात घेऊन उभा. नियमाने मला तिथेच बसायला हवं होतं. मी बाकाकडे तोंड करून म्हणालो, पुढच्या रविवारी नक्की येतो हं, आणि बाहेर पडून किल्ली फिरवली. आत्या, मला आता तिची भीती वाटत नाही. वाईट वाटतं, इतकं वाईट की रात्री जेवलो नाही. (विचारशीलच, म्हणून सांगून टाकलं.)

किल्ली फिरवताना माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, थाप पडली. जोराची नाही. गार. शब्द काही नाही, पण मी कप्तान होतो, दोन सामने का होईना, मला खो कळतो.

बाकी सर्व क्षेम. अभ्यास बरा चालला आहे, हिटर चालत नाही, वजन आहे तेवढंच आहे. मोठ्यांना नमस्कार, शेजारणीच्या मांजराला जे काय सांगायचं असेल ते सांग.

तुझा, सध्या रात्रभर वाचन करणारा,
नकुल

ता. क. मेतकूट संपलं आहे. पोस्टाने पाठवू नकोस, मागच्या वेळी कस्टमवाल्यांनी उघडून हुंगलं होतं.

ता. क. २. वाचन वगैरे काही नाही. मी घाबरतो. पालीलाही घाबरलो होतो.

ता. क. ३. मेतकूट पोस्टाने पाठवू नकोस असं लिहिलं ते यासाठी, की तू स्वतः घेऊन ये. या पाकिटात सेंट पॅन्क्रसहून नॉटिंगहॅमचं रविवारचं तिकीट आहे. मी स्टेशनवर असेन. गुडघ्यासाठी टॅक्सी करू, मांजराला मीनलची बहीण बघेल, ती ईलिंगलाच राहते, मी विचारून ठेवलं आहे. संप नाही, तेही बघितलं.

ता. क. ४. हे मी वरच लिहायला हवं होतं, पण तुझ्या हातातून पत्र पडेल असं वाटलं, म्हणून तू बसून वाचेपर्यंत लांबवलं. काल मायराची आई तिला न्यायला आली तेव्हा मी मायराला बाजूला घेऊन विचारलं, बाकावर बसलीये तिला न्यायला कोण येणार आहे? मला वाटलं होतं ती म्हणेल, कोणी नाही. ती म्हणाली, "तिला माहितेय कोण ते. इट्स ओके, दादा. अनू कोट आणायला गेलीये. अनूने तिला सांगितलंय, कोट घेऊन येते, मग आपण दोघी घरी जाऊ, यू सिट हिअर."

तू का गेलीस आणि परत का आली नाहीस ते मी विचारणार नाही. पाळी संपली असेल, दुसरीकडे बदली झाली असेल, किंवा तू कोट घेऊन आलीस तोवर फार उशीर झाला असेल. बावीस-तेवीस वर्षांची होतीस. ती रागावलेली नाही, आत्या. रागावलेलं मूल इतकं छान खेळत नाही. ती फक्त ओळखीच्या माणसाशिवाय जाणार नाही, आणि तिला त्या दारातून नेऊ शकेल असं जिवंत माणूस एकच आहे. मला मिळालेला खो मी तुला देतो आहे, इतक्या लांबून, मागून. ऊठ.

येताना सहा वर्षांच्या मुलीला बसेल असा कोट आण. रंग मी मायराला विचारला नाही. तुला माहीत असेल.